गाडीचा हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरला बँकेबाहेर पेन्शनरांची रांग लागते. ऐंशीच्या घरातले आजोबा काठी टेकत खिडकीपाशी येतात आणि आतला कारकून मान वर न करताच विचारतो, "हयातीचा दाखला आणलाय?" आजोबा समोर उभे आहेत, श्वास घेतायत, या प्रश्नाने चिडलेसुद्धा आहेत. पण दाखला नसेल तर कागदोपत्री ते हयात नाहीत, आणि पेन्शन थांबते.

हा प्रसंग मला गेल्या पावसाळ्यात महामार्गावर आठवला. साताऱ्याहून पुण्याला घरसामान हलवत होतो. बायकोच्या गावातल्याच एकाचा पिकअप ठरवला होता. तो मला 'दाजी' म्हणतो, भाडंही दोनशे रुपये कमी घेतो. खंबाटकीचा बोगदा ओलांडून शिरवळच्या अलीकडे आलो, तोच परिवहन विभागाच्या वायुवेग पथकाने हात केला. निरीक्षक तरुण होते. "भाऊ, साइडला घ्या," म्हणाले, पण कागदपत्रं मागितलीच नाहीत. हातातल्या फोनवर गाडीचा नंबर टाकला आणि स्क्रीन आमच्याकडे फिरवली. विमा चालू होता, कर भरलेला होता. एका ओळीपुढे मात्र गेल्या महिन्यातली तारीख होती.

आमच्या चालकाने आधी पीयूसी काढून दाखवलं. निरीक्षक हसले. मग तो म्हणाला, "साहेब, फक्त पासिंग संपलंय. गाडी एकदम ओके आहे, चालवून बघा."

गाडी चालतेय, धावतेय, दीड टन सामान घेऊन साताऱ्याहून आलीय आणि सरकार म्हणतंय, ही रस्त्यावर असूच शकत नाही. असं का?

एकाच शब्दाचे दोन अर्थ

आपल्याकडे 'पासिंग' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. 'एमएच १२ पासिंगची गाडी' म्हणजे पुण्याच्या आरटीओत नोंदवलेली गाडी. आणि 'पासिंग संपलं' म्हणजे योग्यता प्रमाणपत्राची, म्हणजे फिटनेसची मुदत संपली. नोंदणी वेगळी आणि फिटनेस वेगळा, तरी बोलीभाषेने दोघांना एकाच खुंटीला टांगलं. गंमत अशी की कायद्यानेही नेमकं तेच केलंय.

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५६ मध्ये म्हटलंय की वाहतूक वाहनाकडे चालू मुदतीचं योग्यता प्रमाणपत्र नसेल, तर त्याची नोंदणीच वैध मानली जाणार नाही. वाहतूक वाहन म्हणजे रिक्षा, टॅक्सी, टेम्पो, ट्रक, एसटी, शाळेची बस, कामगारांची ने-आण करणारी कंपनीची बस. थोडक्यात, भाड्याने किंवा कामधंद्यासाठी माणसं नि माल वाहणारी गाडी. ही तरतूद १९८८ ची नवी कल्पना नव्हे. त्याआधीच्या १९३९ च्या कायद्यातही ती होती.

वाक्यरचना नीट पाहिली तर त्यातली मेख कळते. 'फिटनेस नसेल तर दंड करावा' एवढंच कायदा म्हणत नाही. तो म्हणतो, फिटनेस नसेल तर ही गाडी नोंदवलेलीच नाही असं समजा. नंबरप्लेट आहे, आरसी बुक आहे, चेसिस नंबर जुळतोय, सगळं आहे. पण आजोबांसारखं, दाखला नाही. म्हणून पकडल्यावर कलम लागतं ते विनानोंदणी गाडी चालवल्याचं, १९२ वं. पहिल्या गुन्ह्याला २,००० ते ५,००० रुपये दंड. पुन्हा सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद, किंवा ५,००० ते १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. शिवाय कलम २०७ खाली गाडी जागेवर अडकवून ठेवण्याचा अधिकार आहे. 'गाडी जमा केली' म्हणतात ते हेच.

आमची जमा झाली. सामान दुसऱ्या टेम्पोत चढवायला दीड तास लागला, आणि भाड्यात वाचलेले दोनशे रुपये त्या दीड तासातल्या चहा-वड्यातच गेले.

या कलमाला एक माणुसकीची फटही ठेवलेली आहे. आजारी किंवा जखमी माणसाला तातडीने नेण्यासाठी, किंवा आपत्तीत अन्न-औषधं पोचवण्यासाठी अशी गाडी वापरली, तर कलम १९२ लागत नाही. मात्र सात दिवसांच्या आत तसं आरटीओला कळवावं लागतं. गावात रात्री-अपरात्री बाळंतीण घेऊन धावणारे पिकअप पुष्कळ आहेत. हे कळवण्याचं त्यातल्या कितीजणांच्या कानावर गेलं असेल, देव जाणे.

एक पत्ता काढला की

नोंदणी कच्ची ठरली की पत्त्यांच्या बंगल्यासारखं तिच्यावर उभं असलेलं बाकीचंही हलायला लागतं.

नोंदणीनंतरचा पत्ता म्हणजे परमिट. कलम ८४ प्रमाणे प्रत्येक परमिटला एक अट जोडलेलीच असते, की गाडीकडे चालू फिटनेस असला पाहिजे. फिटनेस संपला की परमिटची अट मोडली. चालू फिटनेससुद्धा मध्येच रद्द होऊ शकतो. गाडी आता नियमात बसत नाही असं अधिकाऱ्याचं मत झालं, तर कारण लेखी देऊन तो प्रमाणपत्र रद्द करतो. त्याच क्षणी नोंदणी आणि परमिट दोन्ही आपोआप निलंबित होतात, नवं प्रमाणपत्र मिळेपर्यंत.

आमच्या चालकाचा इथे एक गैरसमज होता आणि तो फार जणांचा असतो. एकूण वजन ३,००० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. त्यामुळे छोट्या टेम्पोवाल्यांना वाटतं की आपण या सगळ्या भानगडीतून सुटलो. परमिटमधून सुटका आहे, फिटनेसमधून नाही.

दुसरा गैरसमज पीयूसीचा. पीयूसी म्हणजे फक्त धुराची तपासणी. माणसाचा श्वास तपासला आणि ठीक निघाला, म्हणून त्याचे गुडघे, डोळे, कान ठीक आहेत असं म्हणता येत नाही. फिटनेसमध्ये धूर असतोच, पण ब्रेक, स्टेअरिंग, हेडलाइट, बाकीचे दिवे, रिफ्लेक्टर, काच, आरसे, हॉर्न, सायलेन्सर, वायपर, स्पीडोमीटर हेही असतं.

तिसरा समज आता उलटा झालाय. पूर्वी 'कागद घरी राहिले' हे सांगता यायचं. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवरचा कागद आता ग्राह्य धरतात, त्यामुळे मूळ प्रत घरी असली तरी बिघडत नाही. पण त्याच सोयीमुळे मुदत संपलेलीही लपत नाही. सगळ्या नोंदी 'वाहन' या देशव्यापी प्रणालीत असतात. ओडिशा, बिहारसारख्या राज्यांनी तर टोलनाक्यावरून गेलेल्या गाडीचे नंबर या नोंदींशी ताडून परस्पर चलान पाठवायला सुरुवात केली. तिथे कुणी हात करून थांबवतही नाही.

> चौकट : कुणाची मुदत किती
>
> नवं वाहतूक वाहन : पहिली २ वर्षं. कारखान्यातून पूर्ण बांधून आलेली गाडी सुरुवातीला तपासणीला न्यावी लागत नाही.
> त्यानंतर गाडी ८ वर्षांची होईपर्यंत : दर २ वर्षांनी.
> ८ वर्षांनंतर : दरवर्षी.
> खासगी कार, दुचाकी : नोंदणी १५ वर्षांची. नंतर तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण.

चौकटीतली शेवटची ओळ मला खटकते. पिवळ्या पाटीच्या गाडीला दोन वर्षांनी तपासा हे बरोबरच आहे. ती रोज दोनशे किलोमीटर पळते, तिच्यात परकी माणसं बसतात आणि चालवणारा बहुतेक वेळा मालक नसतो. पण पांढऱ्या पाटीच्या कारला पंधरा वर्षं कुणी विचारूच नये? ब्रिटनमध्ये १९६० पासून एमओटी नावाची चाचणी आहे. तिथे खासगी गाडीला तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी ती द्यावी लागते. जपानमध्ये 'शाकेन' पहिल्यांदा तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी, आणि तो नसताना गाडी चालवली तर कैदेचीही तरतूद आहे. लंडनला किंवा टोकियोला नोकरीला गेलेल्या मराठी माणसाला हा पहिला धक्का असतो. जुनी गाडी स्वस्तात मिळते, पण तिची परीक्षा चुकत नाही.

विमा कंपनी नावाचा जामीनदार

दंड भरून सुटलो तर स्वस्तात सुटलो म्हणायचं. खरी फजिती अपघात झाला तर होते.

पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलेला माणूस आठवा. कर्जदाराने हप्ते थकवले की संस्था जामीनदाराकडून वसूल करते, आणि मग जामीनदार कर्जदाराच्या दारात येऊन बसतो. त्रयस्थाच्या विम्यात पुष्कळदा असंच घडतं. गाडीने कुणाला उडवलं तर जखमीला किंवा त्याच्या घरच्यांना भरपाई मिळालीच पाहिजे, मालकाच्या चुकीची शिक्षा त्यांना नको, अशी न्यायालयांची भूमिका असते. म्हणून विमा कंपनीला सांगतात, 'आधी तुम्ही भरा, मग मालकाकडून वसूल करा.' पीडितांना पैसे मिळतात आणि मालकाच्या दारात कंपनी येते. रक्कम काही लाखांची असते, पाच-दहा हजारांच्या दंडासारखी नसते.

आता प्रश्न असा, की फिटनेस नसणं हा एवढा मोठा भंग आहे का? विमा कंपनीला कोणत्या मुद्द्यांवर हात झटकता येतात याची यादी कायद्यात आहे आणि तीत 'फिटनेस' असा शब्द सरळ येत नाही. म्हणून वकील वरची साखळी वापरतात. फिटनेस नाही म्हणजे वैध नोंदणी नाही, परमिटची अट मोडली, म्हणजे पॉलिसीचा मूळ पायाच गेला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये परमिट नसणं हा मूलभूत भंग मानला आणि 'भरा आणि वसूल करा' हा मार्ग कायम ठेवला. त्याच वर्षी केरळ उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने फिटनेस नसण्यालाही मूलभूत भंगच म्हटलं. आधी तिथल्याच खंडपीठाचं मत वेगळं होतं. इतर न्यायालयांतही दोन्ही बाजूंचे निकाल सापडतात. म्हणजे फिटनेस संपलेली गाडी चालवणारा मालक, आपलं प्रकरण कोणत्या बाजूला पडेल यावर घर-शेत लावून बसलेला असतो. मटका तरी कमी पैशांत लावता येतो.

गाडी चालते, मग अनफिट कशी?

आता आमच्या चालकाच्या मूळ म्हणण्याकडे येऊ, कारण तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच वाटत होतं की गाडी ओके आहे. आजोबांची उपमा इथे तुटते. आपण जिवंत आहोत हे आजोबांना पक्कं ठाऊक असतं. आपली गाडी धडधाकट आहे हे चालकाला फक्त वाटतं.

चष्म्याचा नंबर वाढतो तेव्हा आपल्याला कळतं का? नाही. आपण वर्तमानपत्र जरा लांब धरतो, दिवा जरा जवळ ओढतो. एके दिवशी डॉक्टर नवी काच डोळ्यासमोर धरतात आणि झाडाला सुटी सुटी पानं असतात हे पुन्हा आठवतं. ब्रेकचंही तसंच आहे. लायनर रोज केसभर झिजतात. पेडल रोज केसभर खाली जातं. पाय रोज केसभर जास्त दाबतो. चालकाचं शरीर गाडीच्या दुखण्याशी इतकं बेमालूम जुळवून घेतं की दुखणं जाणवतच नाही.

एक साधा हिशेब करून पाहू. गाडी ताशी ६० किलोमीटरने चाललीय. ब्रेक उत्तम असतील तर दाबल्यापासून साधारण २८ मीटरवर ती थांबेल. ब्रेकची ताकद पाचाची तीन झाली असेल, म्हणजे चाळीस टक्के कमी, तर थांबायला सुमारे ४६ मीटर लागतील. अठरा मीटरचा फरक, म्हणजे दीडेक एसटी बस. पण मला यातली दुसरी गोष्ट जास्त भयंकर वाटते. चांगली गाडी जिथे पूर्ण थांबली असती, त्या जागी ही गाडी अजून ताशी ३८ किलोमीटरच्या वेगात असते. रस्ता ओलांडणारा माणूस त्या जागी असेल, तर एका गाडीने त्याला फक्त दचकवलं असतं आणि दुसरीने उडवलं असतं. रोजच्या रहदारीत मात्र चालक कधी पूर्ण जोराने ब्रेक दाबतच नाही, त्यामुळे या दोन गाड्यांतला फरक त्याला वर्षानुवर्षं कळत नाही.

ब्रेक ऑइलचं दुखणं तर आणखी लपलेलं. पावसाळ्यात डब्यातलं मीठ पाणी ओढून घेतं, तसं हे ऑइल हवेतली ओल शोषतं. सपाट रस्त्यावर त्याने काही बिघडत नाही. घाटात सतत ब्रेक दाबून चाकं तापली की मुरलेल्या त्या पाण्याची वाफ होते. घरी सुई काढलेली सिरिंज पाण्याने भरा, टोक बोटाने दाबा आणि दट्ट्या ढकला. हलणार नाही. आता आत हवेचा एक बुडबुडा राहू द्या. दट्ट्या आत जातो, कारण हवा दबते. घाटात ब्रेकच्या नळीत नेमकं हेच होतं. पाय खाली जातो आणि चाकापर्यंत काहीच पोचत नाही. नंतर गाडी थंड झाली की पेडल पुन्हा कडक. गॅरेजवाला म्हणतो, "ब्रेक तर मस्त लागतोय."

रोलरवरची गाडी

चालकाला कळत नाही ते यंत्राला कसं कळतं?

स्वयंचलित चाचणी केंद्रात जमिनीत खरखरीत पृष्ठभागाचे रोलर बसवलेले असतात. गाडीची चाकं त्यावर येऊन बसतात. मोटर रोलर फिरवते आणि रोलर चाकं. मग चालकाला ब्रेक दाबायला सांगतात. चाक थांबू पाहतं, रोलर त्याला फिरवत राहतो, आणि चाक किती जोराने अडवतंय ते यंत्र मोजतं. जात्यावर दळताना समोरून कुणी हाताने जातं अडवलं, तर खुंटा धरलेल्या हाताला त्याचा जोर कळतो ना, तसंच.

खरी मजा डाव्या-उजव्या चाकाचा आकडा वेगळा मिळण्यात आहे. बैलजोडीतला एक बैल थांबला आणि दुसरा चालत राहिला, तर गाडी थांबलेल्या बैलाकडे वळते. ज्या बाजूचा ब्रेक जास्त धरतो त्या बाजूला वाहन ओढलं जातं. कोरड्या रस्त्यावर, हळू वेगात, हा ओढा किरकोळ असतो. ओल्या रस्त्यावर अचानक ब्रेक मारला की तोच गाडीला दुभाजकावर नेतो.

पुढे एक पट्टी असते, आडवी सरकू शकणारी. गाडी तिच्यावरून सरळ जाते. चाकं नेमकी समांतर असतील तर पट्टी जागची हलत नाही. चाकं तिरकी असतील तर ती बाजूला सरकते आणि किती सरकली ते नोंदलं जातं. ज्याची चप्पल एकाच बाजूने झिजते त्याच्या चालण्यात खोट असते, हे आपण जाणतोच. टायरही तसाच एका कडेने झिजतो.

हेडलाइटची चाचणी मला सर्वांत जास्त पटते, कारण तिथे चालकाचा अनुभव त्याला उलटच सांगत असतो. दिव्याचा झोत वर गेला की चालकाला झकास दिसतं, लांबचं झाडसुद्धा उजळतं. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र काजवे चमकतात. आपला दिवा दुसऱ्याला कसा दिसतो हे सांगायला दुसरा कुणीतरी लागतोच.

टायरला मात्र यंत्रसुद्धा लागत नाही. चारचाकीच्या टायरवरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी, दुचाकी-तीनचाकीला ०.८. टायरच्या खाचेत वाकून पाहिलं तर मध्येमध्ये रबराचे बारीक उंचवटे दिसतात. झिजत झिजत टायर त्या उंचवट्यांच्या पातळीला आला की त्याचं आयुष्य संपलं. नक्षी असते ती पाणी बाजूला काढायला. नक्षी गेली, टायर 'गोटा' झाला, की पाणी चाकाखालीच अडकतं आणि गाडी रस्त्याऐवजी पाण्यावर चालायला लागते. त्या क्षणी स्टेअरिंग लोण्यासारखं हलकं होतं. शिरवळला आमच्या निरीक्षकांनी गाडीभोवती चक्कर मारली तेव्हा फोन खिशात टाकून पहिल्यांदा अंगठा फिरवला तो मागच्या टायरवरून.

पासिंगपुरते टायर

एवढी शास्त्रशुद्ध चाचणी असताना रस्त्यावर खटारे दिसतात कसे? कारण बरीच वर्षं ही चाचणी अशी नव्हती. निरीक्षक गाडीभोवती फिरायचे, दिवे लावायला सांगायचे, थोडी चालवून बघायचे. एका निरीक्षकापुढे दिवसाला गाड्यांची ही रांग. मुंबई उच्च न्यायालयात या प्रश्नावर जनहित याचिका चालली, आणि ब्रेक तपासायला २५० मीटरचा चाचणी मार्ग नसेल तिथे फिटनेस देऊ नका, इथपर्यंत न्यायालयाला सांगावं लागलं. म्हणूनच पुण्याचे टेम्पोवाले 'दिव्याला जायचंय' म्हणतात. तो दिवा देवापुढचा नव्हे, दिवे घाट चढून गेल्यावरचं दिवे गाव, जिथे तसा मार्ग आहे.

आणि मग आपली कल्पकता. पासिंगच्या दिवसापुरते चांगले टायर चढवायचे, गाडी पास झाली की उतरवून पुढच्या गाडीला द्यायचे. रिफ्लेक्टरच्या पट्ट्याही, पुढे पांढरी, मागे लाल, अशाच एका दिवसाच्या पाहुण्या. या उद्योगाला लोक हुशारी म्हणतात. शाळेत वर्ग तपासायला साहेब आले की मागच्या बाकावर हुशार मुलं आणून बसवतात, त्यातलीच ही हुशारी.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम आणले, ते याच कारणाने. निकाल यंत्र देणार, आकडे थेट प्रणालीत जाणार, मध्ये माणसाचा हात कमीत कमी. सक्तीची तारीख पुढे पुढे गेली, कारण केंद्रंच पुरेशी नव्हती. टायर बदलून आणायची युक्ती यंत्रापुढेही चालते हे खरं, पण भाड्याने आणलेला ब्रेक अजून कुणी बसवलेला नाही.

उशीर का होतो, याचंही एक यंत्र आहे, फक्त ते पैशाचं. मुदत संपल्यावर दर दिवसाला ५० रुपये जादा शुल्क, असा नियम २०१६ च्या अखेरीस आला. शंभर दिवस झाले की पाच हजार. ज्याच्याकडे ब्रेकच्या कामाला पैसे नव्हते म्हणून उशीर झाला, त्याच्यापुढे दंडाचा डोंगर रोज थोडा वाढतो आणि तो आरटीओची वाटच सोडून देतो. २०२४ मध्ये महाराष्ट्रात वसुली सुरू झाली तेव्हा रिक्षा-टॅक्सीवाले रस्त्यावर उतरले आणि सरकारने तिला स्थगिती दिली. उशिराला शिक्षा हवी यात शंका नाही. पण जी शिक्षा माणसाला तपासणीपासूनच पळवून लावते, ती चुकीच्या जागी मारलेला फटका आहे असं मला वाटतं.

उतार

दुसऱ्या टेम्पोतून आम्ही संध्याकाळी कात्रजचा नवा बोगदा ओलांडला आणि नवले पुलाचा उतार लागला. पुण्याच्या माणसाला या उताराबद्दल वेगळं सांगायला नको. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री इथे एका ट्रकने समोरच्या कितीतरी गाड्या चेपत नेल्या. पहिला अंदाज ब्रेक निकामी झाल्याचा होता. नंतर पोलिसांनी सांगितलं की चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं.

ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर फिरतो. इंजिन बंद केलं की टाकीत आहे तेवढीच शिल्लक. नळाला पाणी नसताना टाकीतलं पाणी वापरावं, तसा प्रत्येक दाबाला साठा कमी होत जातो. त्यात गाडी गिअरमध्ये नसल्याने इंजिन गाडीला मागे ओढून धरत नाही, सगळा भार ब्रेकवर. दोन-चार रुपयांचं डिझेल वाचवायचं म्हणून हे चालतं. त्या ट्रकला फिटनेस होता की नव्हता, हा प्रश्न इथे गैरलागू आहे. प्रमाणपत्र गाडीला मिळतं, चालकाच्या पायाला आणि डोक्याला नाही.

आमच्या टेम्पोवाल्याने बोगद्यातून बाहेर पडताच गिअर खाली टाकला. इंजिन घूं घूं करत उतरलं. मी न राहवून विचारलं, तुमचं पासिंग कधीपर्यंत? "मार्चपर्यंत आहे काका," तो म्हणाला, "पण उतारावर मार्चचा काय उपयोग?"

पंधरा दिवसांनी पहिल्या चालकाचा फोन आला. दंड भरला होता, गाडी सोडवली होती, गाडीचं पासिंगही झालं होतं, पण दुसऱ्या फेरीत. पहिल्या फेरीत मशीनवर पुढच्या डाव्या चाकाचा आकडा उजव्याच्या निम्माच आला. गॅरेजात चाक उघडलं, तर कॅलिपरचा पिस्टन गंजून अडकलेला. किती दिवसांपासून, मिस्त्रीलाही सांगता येईना.

"मला काहीच कसं कळलं नाही, तेच कळत नाही," तो म्हणाला. जरा थांबून पुढे म्हणाला, "ब्रेक मारताना स्टेअरिंग थोडं डावीकडे धरायची सवय लागली होती बघा, दाजी. मला वाटायचं, रस्त्यालाच ढाळ आहे."